टर्कीचे जुने वाण व शेतकऱ्याच्या हातची पैदास

नोव्हेंबर महिन्यातील चौथा गुरुवार हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कृतज्ञतेचा सण म्हणून पाळला जातो. १९४१ साली तेथील विधिमंडळाने कायदा करून हा दिवस मुक्रर केला. त्या दिवशी बहुतेक कुटुंबांत भाजलेल्या टर्कीचे जेवण असते आणि टर्की पाळणाऱ्या लहान शेतकऱ्याची वर्षभराची कमाई बव्हंशी त्या एका आठवड्यावर अवलंबून असते. एवढा मोठा व्यापार आज प्रामुख्याने ज्या एका वाणावर उभा आहे, तो वाण मात्र माणसाच्या मदतीवाचून स्वतःची प्रजा निर्माण करू शकत नाही.

हा वाण म्हणजे रुंद छातीची पांढरी टर्की होय. छातीचे मांस वाढावे एवढ्या एकाच हेतूने पिढ्यानपिढ्या निवड होत गेल्यामुळे तिच्या नराची छाती इतकी अवजड झाली आहे की, त्याला मादीशी नैसर्गिक रीतीने संयोग करता येत नाही. प्रत्येक मादीस माणसाच्या हाताने कृत्रिम रेतन करावे लागते. परिणामी, शेतकऱ्याला स्वतःच्या कळपातून पुढील वर्षाची पिल्ले काढण्याचा मार्ग उरला नाही. दर हंगामास त्याने उबवणी केंद्राकडून पिल्ले विकत आणावयाची. त्या केंद्राला मूळ पैदाशीचे पक्षी पुरवणाऱ्या कंपन्या तर जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत. कित्येक ठिकाणी पक्षी वाढवण्याचे काम कराराने चालते. शेड, वीज आणि मजुरी शेतकऱ्याची. पिल्लू, खाद्य आणि दर कंपनीचा. महाराष्ट्रात कराराने ब्रॉयलर कोंबड्या वाढवणाऱ्यांना ही व्यवस्था निराळी समजावून सांगावयास नको.

अशा स्थितीत अमेरिकेतील काही शेतकऱ्यांनी टर्कीचे जुने वाण पुन्हा हाती घेतले. त्यांचा अनुभव सर्वस्वी फायद्याचा नाही. परंतु पैदास कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न कोणताही पक्षी पाळणाऱ्यास पडण्यासारखा असल्याने तो समजून घेणे उपयुक्त ठरेल.

जुना वाण कशास म्हणावे

केवळ पिसांचा रंग जुना असला म्हणजे पक्षी जुन्या वाणाचा ठरत नाही. लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी ही तेथील संस्था १९७७ पासून पाळीव पशुपक्ष्यांच्या दुर्मिळ जातींचे रक्षण करीत आली आहे. टर्कीच्या बाबतीत तिने तीन कसोट्या घालून दिल्या आहेत. पहिली, नर-मादीचा संयोग नैसर्गिक असावा व त्यातून फलित अंडी मिळावीत. दुसरी, पक्षी दीर्घकाळ पैदाशीस उपयोगी पडावा. मादी ५ ते ७ वर्षे आणि नर ३ ते ५ वर्षे. तिसरी, वाढ संथ असावी. सुमारे २८ आठवड्यांनी पक्षी बाजारास यावा. आधी हाडे आणि आतील इंद्रिये मजबूत व्हावीत व मग त्यांवर मांस चढावे, हा या तिसऱ्या कसोटीचा आशय आहे.

अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने १८७४ साली जातिलक्षणांचे जे प्रमाण ग्रंथरूपाने ठरवले, त्यात ब्राँझ, नॅरागॅन्सेट, पांढरी हॉलंड, काळी आणि राखी-निळ्या रंगाची स्लेट हे वाण होते. तांबड्या पिसांची बूर्बन रेड १९०९ साली त्यात आली. ब्राँझ हा यांतील सर्वांत मोठा. त्याचा तरुण नर ११ किलोच्या आसपास व तरुण मादी ७ किलोच्या आसपास भरते. या वाणांचे पक्षी उडू शकतात, रात्री झाडावर बसतात व दिवसभर गवत, बिया व कीटक टिपत हिंडतात.

पक्ष्याचा प्रवास

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातील पक्षी. मेक्सिकोतील मूळ रहिवाशांनी दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी तो माणसाळवला. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढल्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी तोच पाळीव पक्षी पुन्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणला. तेथील रानटी टर्कीशी त्याचा संकर होऊन ब्राँझ आणि नॅरागॅन्सेट हे वाण घडले.

भारतात हा पक्षी गोव्याच्या वाटेने आला, याचा जुना पुरावा उपलब्ध आहे. १६१२ साली मुकर्रब खान याने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत एक टर्कीचा नर जहांगीर बादशहाला सादर केला. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग क्षणोक्षणी पालटतो, हे पाहून बादशहाने त्याला सरड्याची उपमा दिली व चित्रकारांकडून त्याचे चित्र काढवून घेतले. उस्ताद मन्सूरने काढलेले ते चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. नावाचा गोंधळ मात्र सर्वत्र सारखाच. इंग्रजांनी पक्ष्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्क लोक त्यालाच ‘हिंदी’ म्हणतात, आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात!

अमेरिकेतील जुन्या शेतीत टर्की केवळ मांसासाठी नव्हती. व्हर्जिनिया, केंटकी या भागांतील तंबाखूच्या शेतांत टर्कीचे थवे सोडीत. तंबाखूच्या पानांवरील जाड हिरव्या अळ्या ते पक्षी ओळीओळीने टिपून काढीत आणि फवारणीच्या औषधांपूर्वीच्या काळात हाच तेथील कीडनियंत्रणाचा एक प्रमुख उपाय होता. पश्चिमेकडे टोळांचा उपद्रव होई तेथेही हीच युक्ती चाले. शरद ऋतूत व्हर्मांट संस्थानातून बोस्टनच्या बाजारापर्यंत शेकडो टर्की मेंढरांप्रमाणे पायी हाकीत नेत. संध्याकाळ झाली की पक्षी जवळच्या झाडांवर चढून बसत आणि हाकणाऱ्यांना तेथेच मुक्काम करावा लागे. आजच्या रुंद छातीच्या पक्ष्यास असा प्रवास सर्वथा अशक्य आहे.

वाण मागे कसे पडले

१९३० च्या सुमारास इंग्लंडमधून कॅनडात आलेले रुंद छातीचे ब्राँझ पक्षी अमेरिकन ब्राँझशी जोडले गेले आणि मांसल छातीची शर्यत सुरू झाली. ब्राँझची काळी पिसे उपटल्यावर कातडीवर शाईसारखे डाग राहतात. म्हणून पुढे पांढऱ्या पिसांचा तसाच पक्षी तयार करण्यात आला व १९६० नंतर त्याने बाजार व्यापला. त्याचा नर पाच महिन्यांच्या आत १८ किलोच्या पुढे जातो. खाद्याचा हिशेब पाहता सुमारे अडीच किलो खाद्यात एक किलो वजन वाढवणाऱ्या या पक्ष्यापुढे जुन्या वाणाचा टिकाव लागणे शक्य नव्हते, ही गोष्ट मान्य केली पाहिजे.

याच काळातील बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट या वाणाची हकीगत विशेष विचार करण्याजोगी आहे. १९३० नंतर लहान कुटुंब, लहान भट्टी आणि लहान शीतपेटी असलेल्या गृहिणींना लहान आकाराची, पण मांसल टर्की हवी होती. मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधन केंद्राने १९३४ पासून ब्राँझ, पांढरी हॉलंड, रानटी टर्की इत्यादींच्या संकरातून हा वाण तयार केला. तो नैसर्गिक संयोग करी व अंडीही चांगली देई. १९५४ साली या वाणाचे सुमारे १ कोटी ९० लाख पक्षी वाढवले गेले. परंतु हॉटेलांना आणि मांसाचे तुकडे करून विकणाऱ्या कारखानदारांना मोठा पक्षी हवा होता, कारण तेवढ्याच मजुरीत त्याचे मांस अधिक निघते. लहान कुटुंबाची गरजही पुढे रुंद छातीच्या मादीस कमी वयात कापून भागवता येऊ लागली. १९७० नंतरच्या दशकात बेल्ट्सव्हिल जवळजवळ नाहीसा झाला. सरकारी केंद्रात तयार झालेला आणि शेतकऱ्यांनी उचलून धरलेला वाण वीस-पंचवीस वर्षांत लोपू शकतो, तो रोगाने नव्हे तर गिऱ्हाईक बदलल्याने, हे यावरून दिसते.

१९९७ साली जुन्या वाणांची गणती झाली तेव्हा पैदाशीचे सर्व मिळून १,३३५ पक्षी भरले. गणतीचा हा आकडा एखाद्या वाणाचा नसून सर्व वाणांचा होता. त्यानंतर लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी व स्लो फूड या संस्थांनी गिऱ्हाइकांत प्रचार केला. कॅन्सस संस्थानातील फ्रँक रीस यांच्यासारख्या पैदासकारांनी आपल्या आधीच्या पिढीकडून मिळालेले जुने वंश सांभाळून ठेवले होते; त्यांची पिल्ले इतरांना मिळू लागली. २००६ पर्यंत पैदाशीच्या पक्ष्यांची संख्या आठ हजारांवर गेली. येथे एक गोष्ट विसंगत वाटेल. जुना वाण वाचवण्यासाठी तो लोकांनी खाल्ला पाहिजे. कारण ज्या पक्ष्याला बाजार नाही, त्याची पिल्ले काढण्याचा खर्च कोणताही शेतकरी फार वर्षे सोसणार नाही.

पैदास व पिल्लांचे संगोपन

टर्कीच्या अंड्यातून २८ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. जुन्या वाणाची मादी स्वतः खुडूक बसते, अंडी उबवते व पिल्ले वाढवते. तिची अडचण एकच, ती म्हणजे घरटे झुडपात लपवण्याची. तेथे कोल्ह्या-घुबडांपासून तिला व अंड्यांना धोका असतो. म्हणून अंडी घालण्याच्या दिवसांत माद्यांना कुंपणात ठेवून आडोशाची खोकी देणे इष्ट. कुंपण उंच नसल्यास एका पंखाची लांब पिसे कातरावीत. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. नराच्या नखांनी माद्यांच्या पाठी फाटतात, तेव्हा नखांची टोके बोथट करावीत.

पैदाशीसाठी पक्षी निवडताना बहुतेकांची चूक होते ती येथे. नोव्हेंबरात सर्वांत मोठे व सुबक पक्षी गिऱ्हाइकांस विकले जातात आणि मागे राहिलेल्या किरकोळ पक्ष्यांवर पुढील वर्षाची पैदास चालते. असे पाच-सहा वर्षे केले की रंग बूर्बन रेडचा राहतो, परंतु अंगलट नाहीशी होते. बियाण्यासाठी कणसे खळ्यावर येण्याआधी बाजूला काढतात, तद्वत सरळ छातीचे हाड, रुंद पाठ, मजबूत पाय व वयाच्या मानाने भरलेले वजन असे पक्षी विक्रीपूर्वीच खूण करून वेगळे ठेवावेत. सख्ख्या भावंडांचा संयोग टाळण्यासाठी कळपाचे दोन-तीन गट पाडून नर दरवर्षी एका गटातून दुसऱ्या गटात फिरवावेत.

पिल्लांचे पहिले दहा दिवस कसोटीचे असतात. टर्कीचे पिल्लू कोंबडीच्या पिल्लासारखे आपण होऊन खाणे-पिणे शिकत नाही. खाद्य समोर असूनही ते उपाशी मरते. प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवून दाखवावी. खाद्यावर बारीक चिरलेला हिरवा पाला पसरावा व पाण्यात रंगीत गोट्या टाकाव्यात. चमकणाऱ्या वस्तूवर पिल्लू चोच मारते आणि त्या निमित्ताने त्याच्या पोटात पाणी जाते. पहिल्या आठवड्यात दिव्याखालील उष्णता ३५ अंश सेल्सिअस ठेवून पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी करावी. खाली गुळगुळीत कागद अंथरू नये, पाय फाकून पिल्ले अधू होतात. खाद्यात आरंभी २८ टक्के प्रथिने लागतात. कोंबडीच्या पिल्लांचे नेहमीचे खाद्य यास पुरत नाही. पाऊस पडू लागला की टर्की चोच वासून वर पाहते आणि बुडून मरते, अशी एक दंतकथा अमेरिकेत प्रचलित आहे. वस्तुस्थिती इतकीच की, पुरती पिसे न फुटलेले पिल्लू भिजले तर गारठून दगावते.

काळ्या डोक्याचा रोग

लहान शेतकऱ्याची सर्वांत मोठी हानी या रोगाने होते आणि तिचे मूळ त्याच्याच अंगणातील कोंबड्यांत असते. हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जंतू आंधळ्या आतड्यावर व यकृतावर हल्ला करतो. पक्षी पंख टाकून उभा राहतो, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते व यकृतावर गोल चट्टे पडतात. नावात असले तरी डोके काळे पडतेच असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्होड आयलंड संस्थानातील टर्कीचा धंदा या रोगाने बसला. थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९५ साली रोगाच्या जंतूचे वर्णन केले.

रोग पसरण्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्या जंताच्या अंड्यात हा रोगजंतू सुरक्षित राहतो. कोंबडीला त्याचा विशेष उपद्रव होत नाही. पण तिच्या विष्ठेतून जंताची अंडी जमिनीत पडतात व तेथे वर्षानुवर्षे टिकतात. गांडुळे ती गिळतात, आणि गांडूळ टर्कीचे आवडते खाद्य. म्हणजे काल जेथे कोंबड्या चरल्या, तेथे आज टर्की सोडली तरी रोग होऊ शकतो. अमेरिकेत या रोगावरील शेवटचे मान्यताप्राप्त औषध, नायटारसोन, हे आर्सेनिकयुक्त असल्याने २०१५ च्या अखेरीस मागे घेण्यात आले. आता तेथे प्रतिबंध हाच उपाय उरला आहे. टर्की व कोंबड्या एकत्र ठेवू नयेत, कोंबड्यांचे जुने आवार टर्कीस देऊ नये, कुरणाचे भाग पाडून पक्षी फिरते ठेवावेत व जंतनाशक औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने नियमित द्यावे.

मोकळ्यावरील पक्ष्यांना आणखी एक भय आहे. २०१५ व २०२२ साली बर्ड फ्लूच्या साथीत मिनेसोटा संस्थानातील टर्कीच्या मोठमोठ्या शेडांचे अतोनात नुकसान झाले. त्यावरून बंद शेड पूर्ण सुरक्षित नाही हे दिसले, तसेच मोकळे कुरणही नाही. रानबदकांच्या तळ्याकाठी टर्की चारणे धोक्याचे ठरते.

विक्रीचे गणित

सणाच्या आठवड्यात अमेरिकेतील मोठी दुकाने गिऱ्हाईक ओढण्यासाठी गोठवलेली टर्की खरेदी किमतीहूनही कमी दराने विकतात. कित्येकदा ठरावीक रकमेच्या किराणा मालावर ती फुकट देतात. जुन्या वाणाच्या पक्ष्याला जवळजवळ दुप्पट काळ खाऊ घालणारा शेतकरी या दराशी स्पर्धा करू शकत नाही व त्याने ती करूही नये. त्याचे गिऱ्हाईक निराळे असते. मेच्या मध्यास निघालेले पिल्लू नोव्हेंबरच्या अखेरीस २८ आठवड्यांचे होते, म्हणजे पक्ष्याचे ऋतुमान सणाशी आपोआप जुळते. जाणते शेतकरी उन्हाळ्यातच गिऱ्हाइकांकडून अनामत रक्कम घेऊन नोंदणी करतात आणि नोंदणी होईल तितक्याच पिल्लांवर खाद्य खर्च करतात. त्यांना नेहमीच्या दराच्या कित्येक पट दर मिळतो. मात्र थोडे पक्षी कापून देणारे कत्तलखाने जवळपास मिळत नाहीत, आणि पुष्कळांचा धंदा त्यापायी अडतो.

चाळीस-पन्नास पक्ष्यांवर कोणाचा संसार चालत नाही. गाई, मेंढ्या, भाजीपाला असलेल्या शेतावर हा एक जोडधंदा म्हणूनच शोभतो. त्याची खरी मिळकत वसंत ऋतूत कळते. शेजारी पिल्लांच्या पेट्यांची वाट पाहत असतो, तेव्हा याच्या माद्या खुडूक बसलेल्या असतात. जास्तीची पिल्ले विकून दुसरे उत्पन्नही येते.

आपल्याकडील टर्की

बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट भारतातही आणला गेला होता. तामिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने त्याचा येथील काळ्या टर्कीशी संकर करून ‘नंदनम टर्की–१’ हा त्या हवामानास मानवणारा पक्षी तयार केला. उत्तर प्रदेशात इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कारी विराट’ हा वाण दिला आहे. टर्की पाळू इच्छिणाऱ्याने पिल्ले अशा संस्थांतून किंवा तेथून पक्षी नेलेल्या खात्रीच्या पैदासकाराकडूनच घ्यावीत.

महाराष्ट्रात टर्कीच्या मांसाला ठरलेला सण नाही व गावच्या बाजारात दर नाही. म्हणून कोणी चौकशीस आल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम गिऱ्हाईक कोण, हे विचारावे. शहरातील हॉटेल किंवा नाताळात मागणी करणारी कुटुंबे यांच्याशी आधी बोलणे झाले असेल, तरच दहा-बारा पिल्लांपासून आरंभ करण्यास सांगावे. नंतर जागा स्वतः पाहावी. आपल्याकडे बहुतेक अंगणांत दोन-चार गावठी कोंबड्या असतातच आणि त्या दिवसभर कोठेही उकिरतात. अशा अंगणात टर्की सोडणे म्हणजे पिल्लांचे पैसे बुडवणे होय. कोंबड्या कधी फिरल्या नाहीत असा शेताचा उंचवट्यावरचा, पाण्याचा निचरा होणारा तुकडा निवडून त्यास जाळी घालावी. तेथे काम करण्याची पायताणे निराळी ठेवावीत, आणि सकाळी आधी टर्कीकडे जाऊन मग कोंबड्यांकडे जावे.